मोडलेल्या कानांचं वाङ्मय

कोल्हापुरात पैलवान ओळखायचा तर दंडाकडं बघत नाहीत, कानाकडं बघतात. थोरल्या काकांनी मला पहिल्यांदा खासबागेच्या कुस्ती मैदानात नेलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. हलगी कडाडत होती, लाल मातीत एक जोड सलामी घेत होती आणि मी त्यातल्या धिप्पाड गड्यावरून नजर हटवत नव्हतो. काका म्हणाले, ‘‘त्यो न्हवं रं. त्यो नुसता फुगलाय. त्या बारक्याचं कान बघ की.’’ बारक्याचे दोन्ही कान वाळलेल्या अंजिरासारखे आत दुमडलेले होते. वर्षानुवर्षं मातीत आणि दुसऱ्याच्या मानेवर घासून कानाच्या पाळीत रक्त साकळतं आणि मग ते तसंच घट्ट होऊन बसतं. काही मिनिटांतच बारक्यानं ढाकेचा डाव लावला आणि तो धिप्पाड गडी आभाळाकडं बघत पडला.

त्याच दिवसांत आम्हा पोरांच्या दप्तरात दुसरे पैलवान असत. ट्रम्प कार्डांवरचे. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या असे आकडे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी शंका घेत नसे. एका संध्याकाळी केबलवर ती अमेरिकी कुस्ती चालू असताना काका मागं येऊन उभे राहिले. दोन मिनिटं बघितलं, ‘‘नूरा हाय ही,’’ एवढंच म्हणाले आणि आत गेले. नूराकुस्ती म्हणजे आधी ठरवून लढलेली, निकाल वाटून घेतलेली कुस्ती. पैलवानांच्या गावात यापेक्षा मोठी शिवी नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी मिक फोली या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीगिराचं आत्मचरित्र हाती आलं. १९९४ साली म्युनिकच्या एका लढतीत त्याची मान रिंगच्या आवळलेल्या दोरांत अडकली आणि सुटताना त्याचा उजवा कान तुटून पडला. तशा अवस्थेत तो लढत राहिला. निकाल अर्थातच आधी ठरलेला होता. ते पान वाचलं आणि काकांचा शब्द आठवला. निकाल नूरा होता हे खरं, पण कान नूरा नव्हता.

तेव्हापासून मी खेळावरची पुस्तकं, विशेषतः कुस्तीवरची पुस्तकं, एका वेगळ्या नजरेनं वाचत आलो आहे. ‘हे खरं की खोटं’ हा प्रश्न प्रेक्षकाचा आहे. चांगलं पुस्तक त्याच्या पुढं जातं आणि विचारतं की शरीर कुणाचं झिजलं, पैसा कुणी नेला, आणि बघणारे काय घेऊन घरी गेले. या तीन प्रश्नांवर कुस्तीच्या वाङ्मयाचा हा आढावा आहे.

आधी मोजपट्टी

कुस्तीकडं वळण्याआधी इतर खेळांतल्या काही थोर पुस्तकांकडं बघायला हवं, कारण मोजपट्टी तिथं तयार झाली. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी साप्ताहिकानं २००२ साली सर्वोत्तम शंभर क्रीडापुस्तकांची यादी केली. तिच्यात पहिला नंबर ए. जे. लीब्लिंगच्या ‘द स्वीट सायन्स’ या १९५६ सालच्या मुष्टियुद्धावरच्या लेखसंग्रहाला मिळाला. लीब्लिंग ‘न्यूयॉर्कर’साठी लिहायचा. त्याचं वैशिष्ट्य हे की तो फक्त ठोसे मोजत बसला नाही. कोपऱ्यात बादली आणि टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस, सरावाच्या जिममधला म्हातारा प्रशिक्षक, शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक, या सगळ्यांना त्यानं बोलतं केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो वस्तादांच्या पायाशी जाऊन बसला.

दुसरं पुस्तक सी. एल. आर. जेम्सचं ‘बियाँड अ बाउंड्री’, १९६३ सालचं. त्रिनिदादमधल्या तुनापुना गावी जेम्सच्या घराची खिडकी थेट क्रिकेटच्या मैदानावर उघडायची. खुर्चीवर चढून लहानगा जेम्स तिथून खेळ बघायचा. पुस्तक त्या खिडकीपासून सुरू होतं आणि वेस्ट इंडीजचं कर्णधारपद फ्रँक वॉरेल या कृष्णवर्णीय खेळाडूला मिळावं म्हणून जेम्सनं चालवलेल्या लढ्यापर्यंत पोचतं. कोण कुणाच्या क्लबात जाऊ शकतो, कुणाच्या कातडीचा रंग किती गडद, हे सगळं त्या मैदानावर कसं उमटतं ते जेम्सनं दाखवलं.

मराठी वाचकाला याच वाटेवरचं जवळचं पुस्तक म्हणजे रामचंद्र गुहांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२). त्याच्या मध्यभागी उभा आहे तो पालवणकर बाळू, चांभार समाजात जन्मलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखणारा हा मुलगा इंग्रज साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. पुढं हिंदूंच्या संघाला त्याच्याशिवाय जिंकता येईना. मग मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या बाळूनं शंभराहून अधिक बळी घेतले. हा तपशील वाचल्यावर धावफलक पहिल्यासारखा वाचता येत नाही.

आतल्या माणसानं आतलं सांगावं, ही तिसरी वाट. जिम बाउटन या बेसबॉलपटूनं १९६९ च्या हंगामाची रोजनिशी १९७० साली ‘बॉल फोर’ या नावानं छापली. खेळाडू उत्तेजक गोळ्या कशा खातात, मालक पगारासाठी कसे पिळतात, सगळं त्यात होतं. बेसबॉलच्या आयुक्तांनी त्याला बोलावून दबाव आणला, पण तो मागं हटला नाही. २००९ साली आंद्रे अगासीनं ‘ओपन’मध्ये लिहिलं की आपल्याला टेनिसचा तिरस्कार आहे. बापानं घरामागं उभं केलेलं चेंडू फेकणारं यंत्र त्याला बालपणी राक्षसासारखं दिसायचं. त्या यंत्रासमोर उभा असलेला सात वर्षांचा पोरगा एकदा भेटला की विम्बल्डनचा चषक हा फक्त चषक राहत नाही.

झिबिस्कोचे दोन पाय

आता कुस्ती. खरी आणि ठरवलेली अशा दोन कुस्त्यांच्या मध्ये आपण भिंत घालतो. पण इतिहासात त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा असलेला एक माणूस आहे आणि त्याचं नाव आपल्याकडच्या जुन्या पैलवानांनाही ठाऊक होतं. पोलंडचा स्तानिस्लाऊस झिबिस्को.

१९१० साली गामा पैलवान लंडनला गेला. त्याची कमी उंची बघून आयोजकांनी आधी त्याला उभं केलं नाही. मग त्यानं जाहीर आव्हानं दिली, अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला पाडलं आणि १० सप्टेंबरला झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. झिबिस्को पोटावर पसरला आणि अडीच तासांच्या आसपास गामा त्याला उलथवण्यासाठी झटत राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या लढतीला झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. ही गोष्ट आपल्याकडं तालमीतालमीत सांगितली जाते.

जी सांगितली जात नाही ती गोष्ट मार्कस ग्रिफिनच्या ‘फॉल गाइज’ या १९३७ सालच्या पुस्तकात येते. व्यावसायिक कुस्तीचं आतलं बिंग फोडणारं हे बहुधा सर्वांत गाजलेलं जुनं पुस्तक. १९२० च्या दशकात एड लुइस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी अमेरिकेत कुस्तीचा धंदा बांधला. तासन्‌तास चालणाऱ्या रटाळ पकडींऐवजी वेगवान, नाट्यमय लढती आणि आधी ठरलेले निकाल. त्यांनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला विजेता केलं. मन अंगानं दांडगा होता, पण कुस्ती त्याला येत नव्हती. १९२५ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात झिबिस्कोनं त्याच्याकडून हरायचं ठरलं होतं. घंटा वाजली आणि पंचेचाळिशीच्या या माणसानं ठरलेलं सगळं बाजूला सारून मनला खरोखर चितपट केलं, पुन्हा केलं, पुन्हा केलं. ठरवलेल्या कुस्तीत खरी कुस्ती घुसली आणि धंद्याचा सारा डाव उधळला.

१९२८ च्या जानेवारीत हाच झिबिस्को पटियाळ्याला आला. अठरा वर्षांचा हिशेब होता. गामानं मिनिटभराच्या आत त्याला पाडलं. पुढं १९५० साली ज्यूल्स दासिनच्या ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटात झिबिस्कोनं एका म्हाताऱ्या मल्लाची भूमिका केली. ठरवलेल्या कुस्तीचा तिटकारा असलेला आणि शेवटी खऱ्या कुस्तीतच जीव गमावणारा तो मल्ल. एका माणसाच्या आयुष्यात कुस्तीचे सगळे प्रकार असे एकत्र आलेले दुसरीकडं कुठं दिसत नाहीत.

ग्रिफिनच्या पुस्तकातल्या अनेक तपशिलांवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्याची भाषाही भडक आहे. तरी हे पुस्तक वाचावं, कारण ‘नूरा’ या एका शब्दात आपण जे गुंडाळून टाकतो तो खरं तर एक बारकाईनं बांधलेला उद्योग आहे, हे त्यातून पहिल्यांदा कळतं. त्याच्या जोडीला लू थेझचं ‘हूकर’ हे १९९५ सालचं आत्मचरित्र ठेवावं. सांधा मोडेल अशी पकड म्हणजे हूक आणि ती ज्याला येते तो हूकर. थेझच्या मते ठरवलेल्या निकालामागंही खरी कुस्ती येणारा माणूसच विजेता असावा, म्हणजे कुणी ऐन वेळी फिरलं तरी पट्टा वाचतो. १९२५ च्या फिलाडेल्फियाचा धडा तोच होता. हाच थेझ १९६८ साली मुंबईत दारासिंगशी लढला आणि त्या लढतीनं दारासिंग जगज्जेता ठरला. दारासिंगनं १९८९ साली पंजाबीत ‘मेरी आत्मकथा’ लिहिली. झिबिस्कोप्रमाणं त्याचाही एक पाय मातीत होता आणि दुसरा तिकीटबारीपाशी.

प्रेक्षक आणि देह

व्यावसायिक कुस्तीवरचं सर्वांत प्रसिद्ध लेखन एका फ्रेंच विचारवंताचं आहे. रोलाँ बार्थच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहाची सुरुवातच कुस्तीवरच्या निबंधानं होते. पॅरिसच्या कळकट सभागृहांत तो या कुस्त्या बघायचा. त्याचं म्हणणं असं की हा खेळ नाहीच, हा प्राचीन नाटकासारखा देखावा आहे. प्रेक्षकाला निकाल ठरलेला आहे का याची फिकीर नसते. त्याला वेदना, पराभव आणि न्याय डोळ्यांसमोर, स्पष्ट, ठसठशीत बघायचा असतो. आपल्याकडं दशावतारात संकासुर आला की लहान पोरंही ओळखतात, तसाच तिथं खलमल्ल त्याच्या देहावरूनच ओळखू येतो. हा निबंध वाचला आणि काकांनी तोडून टाकलेल्या त्या दोन मिनिटांत मी काय बघत होतो ते मला उमगलं.

पण बार्थ प्रेक्षागृहात बसलेला आहे. वेदना त्याच्यासाठी खूण आहे, चिन्ह आहे. रिंगच्या आतून बघितलं की चिन्हाला हाड असतं. ते दाखवलं मिक फोलीनं.

फोलीचं ‘हॅव अ नाइस डे!’ १९९९ साली आलं. प्रकाशकांनी त्याला एक लेखनिक दिला होता. त्याचं लेखन फोलीला पटलं नाही, तेव्हा त्यानं स्वतः हातानं साडेसातशेहून अधिक पानं लिहून काढली. विमानात, हॉटेलांत, लढतींच्या मधल्या वेळात. पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कॉलेजात असताना तो आठवड्याच्या शेवटी शेकडो मैल गाडी हाकत पेनसिल्व्हेनियातल्या डॉमिनिक डेनुची या जुन्या मल्लाकडं शिकायला जायचा आणि रात्री गाडीतच झोपायचा. तालमीत गादीखाली दप्तर ठेवून राहणाऱ्या आपल्या पोरांची आठवण यावी, असंच ते प्रकरण आहे. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकरनं त्याला खाली फेकलं. ती उडी ठरलेली होती. थोड्या वेळानं छताची जाळी तुटून तो दुसऱ्यांदा आत कोसळला, ते मात्र ठरलेलं नव्हतं. दात तुटून नाकात अडकला. फोली हे सांगतो तेव्हा स्वतःला हुतात्मा करत नाही. बायको आणि मुलं घरी काय बघत असतील, हा विचार पानापानांतून डोकावत राहतो. त्यामुळं हे पुस्तक मोठं झालं आहे.

ब्रेट हार्टचं ‘हिटमॅन’ (२००७) वेगळ्या जातीचं आहे. कॅनडातल्या कॅल्गरीत त्याचा बाप स्टू हार्ट घराच्या तळघरात तालीम चालवायचा. लोक त्या तळघराला अंधारकोठडी म्हणत. बारा भावंडांचं घर, जेवणाच्या टेबलावर कायम कुणीतरी नवखा मल्ल आणि खालून पकडीत सापडलेल्यांच्या किंकाळ्या. ब्रेट दौऱ्यांवर रोज रात्री टेपरेकॉर्डरमध्ये दिवस बोलून ठेवायचा. त्या टेपांवरून पुस्तक उभं राहिल्यामुळं तारखा आणि माणसं त्यात पक्की आहेत. ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये त्याच्याशी ठरलेलं मोडून मालकानं घंटा वाजवायला लावली आणि पट्टा दुसऱ्याला दिला. फिलाडेल्फियाचा प्रसंग उलटा झाला. तिथं मल्लानं मालकाला फसवलं होतं, इथं मालकानं मल्लाला. पण पुस्तकाचा गाभा त्यापुढं आहे. २३ मे १९९९ ला ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन कॅन्सस सिटीत छतावरून दोरानं खाली उतरताना पडून मेला. ही कुस्ती नव्हती, नुसता प्रवेशाचा देखावा होता. धाकट्या भावाबद्दल थोरला भाऊ लिहितो ती पानं वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

हिशेब मागणारी पुस्तकं

या धंद्याची आतली गुपितं बाहेर फुटू न देण्याच्या रिवाजाला तिकडं ‘केफेब’ म्हणतात. खलनायक आणि नायक एका गाडीतून प्रवाससुद्धा करत नसत. १९८९ साली मालक विन्स मॅकमहनच्या कुस्ती कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढं हे मनोरंजन असल्याचं स्वतःच मान्य केलं, कारण खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर मागं लागत. म्हणजे सत्य बाहेर आलं तेही पैसे वाचवण्यासाठी. अब्राहम जोसेफीन रिझमननं ‘रिंगमास्टर’ (२०२३) या मॅकमहनच्या चरित्रात हा धागा पकडून दाखवलं आहे की खरं-खोटं मुद्दाम मिसळून टाकण्याची ही कला पुढं अमेरिकेच्या राजकारणात कशी उतरली.

टिम हॉर्नबेकरचं ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ (२००७) हे कागदपत्रांवर उभं असलेलं, कोरडं पण भरवशाचं काम आहे. १९४८ साली आयोवातल्या वॉटरलू गावी काही प्रवर्तक एकत्र आले आणि त्यांनी देश आपसांत वाटून घेतला. ज्या मल्लानं एकाला दुखावलं त्याला दुसरीकडंही काम मिळेना. १९५६ साली अमेरिकी न्याय खात्याला मध्ये पडावं लागलं. मल्लाच्या पोटावर पाय देण्याची ही व्यवस्था समजली की आत्मचरित्रांतली भीती समजते.

आणि मग डोकं. क्रिस्तोफर नोविन्स्की हा हार्वर्डचा फुटबॉलपटू पुढं व्यावसायिक मल्ल झाला आणि मेंदूला बसलेल्या धक्क्यांमुळं त्याला थांबावं लागलं. त्यानं २००६ साली ‘हेड गेम्स’ लिहून खेळाडूंच्या मेंदूच्या इजेकडं लक्ष वेधलं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये क्रिस बेन्वा या नामांकित मल्लानं बायको आणि मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांची गंभीर हानी आढळली. डेव्हिड शूमेकरचं ‘द स्क्वेअर्ड सर्कल’ (२०१३) तर अकाली मेलेल्या मल्लांवरच्या स्तंभातूनच तयार झालं. माझ्या ट्रम्प कार्डांवरची कितीतरी नावं त्या पुस्तकात आहेत. कार्डावर दंडाचा घेर छापलेला असायचा. आयुष्याची वर्षं शूमेकरच्या पुस्तकात मिळतात.

बायकांच्या कुस्त्या

या वाङ्मयात बायका उशिरा आल्या, पण त्या आल्या तेव्हा तीनही प्रश्न एकदम धारदार झाले. जेफ लीन या शोधपत्रकारानं ‘द क्वीन ऑफ द रिंग’ (२००९) या पुस्तकात मिल्ड्रेड बर्कची कहाणी खणून काढली. १९३० च्या दशकात ती जत्रांमधून पुरुषांशी लढायची. तिचा नवराच तिचा व्यवस्थापक होता. तो तिची कमाई खायचा आणि पुढं तोच तिचा वैरी झाला. १९५४ साली अटलांटात त्याच्या गोटातल्या जून बायर्सशी तिची लढत झाली, ती ठरवलेली राहिली नाही, खरी झाली.

त्याच १९५४ साली मुंबईत हमीदा बानूनं ‘रशियन अस्वल’ म्हणून गाजलेल्या वेरा चिस्तिलिनला मिनिटभरात हरवलं. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं आव्हान असायचं. रणजय सेन यांच्या ‘नेशन अॅट प्ले’ (२०१५) या भारतीय खेळांच्या इतिहासात ती भेटते, पण काही ओळींपुरतीच. बर्कला चरित्रकार मिळाला, हमीदाला अजून नाही.

साक्षी मलिकनं मात्र स्वतःची कथा दुसऱ्यासाठी सोडली नाही. ‘विटनेस’ (२०२४) हे तिचं आत्मचरित्र जोनाथन सेल्वराज यांच्या साथीनं लिहिलेलं आहे. वडील दिल्लीत बस कंडक्टर, गाव रोहतकजवळचं. २०१६ साली रिओत ०-५ अशी मागं पडूनही तिनं कांस्य जिंकलं आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. २०२३ साली कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत ती आणि तिचे सहकारी जंतरमंतरवर बसले आणि डिसेंबरमध्ये तिनं आपले कुस्तीचे बूट पत्रकारांपुढं टेबलावर ठेवले. बाउटननं १९७० साली जे धाडस केलं त्याच्यापेक्षा हे मोठं आहे, कारण बाउटनला शेतात, बसस्टँडवर, नातेवाइकांत तोंड द्यायचं नव्हतं.

आपल्या मातीवरची पुस्तकं

भारतीय कुस्तीवरचं सर्वांत खोल पुस्तक एका मानववंशशास्त्रज्ञाचं आहे. जोसेफ ऑल्टरचं ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) बनारसच्या आखाड्यांत राहून लिहिलेलं आहे. माती कशी कालवतात, दूध-तूप-बदामाला एवढं महत्त्व का, गुरूचे पाय चेपणं म्हणजे काय, ब्रह्मचर्य आणि नागपंचमी यांचा कुस्तीशी काय संबंध, हे तो इतक्या आदरानं मांडतो की तालमीत वाढलेल्या माणसालाही आपल्याच रोजच्या गोष्टी नव्यानं दिसतात. बोजड परिभाषेनं घाबरू नये. ज्यांना प्रवासवर्णनाची वाट सोपी वाटते त्यांनी रुद्रनील सेनगुप्तांचं ‘एंटर द दंगल’ (२०१६) घ्यावं. त्यात सुशीलकुमारचा आखाडा आहे, गामा आहे आणि मातीत उतरलेल्या मुली आहेत.

ऑल्टरच्या पुस्तकातली एक गोष्ट मराठी माणसानं मनावर घ्यावी. व्यायामप्रकारांबद्दल त्यानं वारंवार आधार घेतला आहे तो बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या १९५० सालच्या इंग्रजी ग्रंथाचा. आणि तो इंग्रजी ग्रंथ म्हणजे मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडी मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चं सार आहे. जगाला आपल्या कुस्तीची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाचं एक मूळ असं मराठीत आहे. त्याच बडोद्यातून १९६४ साली ‘मल्लपुराण’ छापून आलं. त्याहून मागं, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचं प्रकरण लिहिलं. मल्लांची वय, देह आणि बळ पाहून वर्गवारी कशी करावी, त्यांच्या खुराकाची सोय राजानं कशी लावावी, हे त्यात आहे. पैलवानाच्या देहाचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न सोमेश्वरानं नऊशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवला होता.

अलीकडच्या काळात संजय दुधाणे यांनी खाशाबा जाधवांचं चरित्र लिहून मोठं काम केलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैशांची जुळवाजुळव करताना राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला आणि गावानं बैलगाड्यांची मिरवणूक काढली. या एका प्रसंगात तीनही प्रश्नांची उत्तरं आहेत. शरीर खाशाबाचं, पैसा एका शिक्षकाच्या घराचा आणि आनंद अख्ख्या गावाचा.

पण मराठीत हे काम एवढ्यावरच थांबतं, आणि माझी तळमळ इथं सुरू होते. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. ही माणसं आता नाहीत. त्यांच्या बरोबरीच्या वस्तादांची पिढी सरत चालली आहे. त्यांनी बोलावं, कुणीतरी फोलीसारखं शेकडो पानं लिहावीत, कुणीतरी हार्टसारखं टेपरेकॉर्डर पुढं ठेवावा, असं झालं नाही. नूराकुस्ती कोण लावायचं, जोड कशी ठरायची, इनामातला किती वाटा पैलवानाच्या हातात पडायचा, गुडघा गेल्यावर त्याला कुणी विचारायचं का, हे मराठीत कुणी लिहिलं नाही. खासबागेच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक जण हे जाणतो. पानावर मात्र ते नाही.

मागच्या पावसाळ्यात मी गावाकडच्या एका तालमीत वही घेऊन गेलो. वस्ताद ऐंशीच्या पुढचे, दोन्ही कान मोडलेले. मी म्हटलं, ‘‘ढाक कशी लावायची ते सांगा.’’ त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘सांगता येत न्हाई. हिकडं ये.’’ उजवा हात माझ्या काखेतून घातला, मान दाबली आणि पाय कुठं अडकवायचा ते माझ्या पोटरीला समजावलं. मी मातीत बसलो तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द यायला लागले. ढाकेला तोड कोणती, घिस्सा कुठं फसतो, कलाजंग कुणाला झेपत नाही, १९६५ च्या एका कुस्तीत कुणी काय केलं. मातीच्या हातांनी मी लिहीत राहिलो. हळद आणि तेल लागलेली ती पानं अजून एकमेकांना चिकटतात.

अकरा पानं झाली आहेत. येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. या वेळी टेपरेकॉर्डर नेणार आहे.